अर्बानाला जावे का?
दोन वर्षांचे बोलावणे आणि एका घराचा मशवरा

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेश नवा नाही. आमच्या पणजोबांच्या पिढीतले लोक जहाजांवर खलाशी म्हणून गेले. काही दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला पोचले आणि तिथलेच झाले. पुढच्या पिढीने कुवेत, सौदी अरब, बहरीन आणि दुबई गाठले. दाभोळ, हर्णै, बाणकोट, खेड या भागात दिसणारी कितीतरी दुमजली घरे आखाताच्या कमाईतून उभी राहिली आहेत. पण आखाताचा एक ठरलेला रिवाज होता. पुरुष जायचा आणि घर इथेच राहायचे. दोन वर्षांनी तो सुट्टीवर यायचा, पेट्या उघडल्या जायच्या आणि सुट्टी संपली की पुन्हा विमान. त्यामुळे जाण्याचा विचारही बहुधा एकाच माणसाने केलेला असायचा.

अलीकडे आपल्या शिकलेल्या मुलामुलींना वेगळ्या प्रकारचे बोलावणे येऊ लागले आहे. ते अमेरिकेतल्या विद्यापीठांचे असते, आणि बहुतेकदा हे विद्यापीठ न्यूयॉर्क किंवा शिकागोत नसते. ते मक्याच्या शेतांमधल्या एखाद्या छोट्या गावात असते. तिथे बायको-मुलांना घेऊन जाता येते. म्हणजे हा प्रश्न एका माणसाचा राहत नाही, घरातल्या प्रत्येकाचा होतो.

असे बोलावणे गेल्या नोव्हेंबरात आमच्या घरी आले. आम्हा दोघांपैकी एक जण दापोलीला मृदाशास्त्र शिकवतो, दुसरी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात अर्बाना आणि शॅम्पेन अशी दोन जुळी गावे आहेत. तिथल्या विद्यापीठात जमिनीतील सेंद्रिय कर्बावर दोन वर्षे संशोधन करायचे, सुरुवात ऑगस्ट २०२६ मध्ये. घरात दहावीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि दाभोळच्या जुन्या घरी राहणाऱ्या अम्मी. चार रविवार आम्ही याच एका विषयावर बसलो. आमचा निर्णय सर्वांना लागू पडेल असे नाही. मात्र जे प्रश्न आम्ही विचारले, ते अशा वळणावर उभ्या असलेल्या दुसऱ्या घरांना उपयोगी पडतील, म्हणून हा लेख.

गाव कसे आहे?

आधी गावाची माहिती काढली. २०२० च्या जनगणनेप्रमाणे अर्बानाची वस्ती सुमारे ३८ हजार आणि शॅम्पेनची ८८ हजार. विद्यापीठाचे विद्यार्थी मात्र ५९ हजारांच्या घरात. याचा अर्थ असा की गावाचे सगळे वेळापत्रक विद्यापीठाच्या घड्याळावर चालते. ऑगस्टमध्ये गाव भरते, मे महिन्यात रिकामे होते, डिसेंबरच्या सुट्टीत रस्ते ओस पडतात. घरांचे भाडेकरारही ऑगस्ट ते ऑगस्ट असतात आणि चांगली घरे कित्येक महिने आधीच ठरून जातात.

'शॅम्पेन' हे नाव ऐकून अम्मी आधी दचकल्या. "दारूच्या नावाच्या गावाला जाणार?" असे त्यांनी विचारले. या नावाचा अर्थ मोकळे, सपाट माळरान असा आहे आणि ते ओहायो राज्यातल्या एका जिल्ह्यावरून घेतले आहे, हे सांगितल्यावर घरात थोडे हसू झाले.

विद्यापीठ शेतांच्या मधोमध का, याला इतिहास आहे. १८६२ साली अमेरिकेने एक कायदा करून राज्यांना जमीन दिली. तिच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या संस्था काढायच्या होत्या. इलिनॉयचे हे विद्यापीठ त्यातूनच १८६७ मध्ये सुरू झाले. भारतातले पहिले कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला निघाले, तेव्हा त्याच्या उभारणीला याच विद्यापीठाचे साहाय्य होते. महाराष्ट्रातली कृषी विद्यापीठेही त्यानंतरची. दापोलीचे विद्यापीठ १९७२ चे. म्हणजे ज्या गावात आम्ही राहतो तेही विद्यापीठाचेच छोटे गाव आहे आणि त्याचे दूरचे नाते अर्बानाशी जोडता येते.

मातीच्या अभ्यासकाला अर्बानाची ओढ का वाटते, हेही सांगायला हवे. तिथे विद्यापीठाच्या मध्यभागी 'मोरो प्लॉट्स' नावाचे शेत आहे. १८७६ पासून तिथे पिकांचे प्रयोग अखंड चालू आहेत. अमेरिका खंडातले हे सर्वांत जुने प्रायोगिक शेत. शेजारी ग्रंथालय बांधायचे ठरले, तेव्हा त्याची सावली पिकावर पडू नये म्हणून अख्खे ग्रंथालय जमिनीखाली बांधले गेले. कोकणच्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत आयुष्य काढलेल्या माणसाला दीडशे वर्षांच्या नोंदी असलेली ती काळी माती हातात घ्यायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. अशी संधी पुन्हा येईलच याची खात्री नसते.

राहण्याच्या बाबतीत गाव सोयीचे वाटले. शहरबस चांगली आहे. शिकागो रेल्वेने तीन तासांच्या आत-बाहेर, अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे आमच्या दापोली-मुंबई इतकेच. सरकारी शाळेत बारावीपर्यंत फी नाही. अर्बानाचे सार्वजनिक ग्रंथालय मुलांसाठी चांगले आहे. हिवाळा मात्र खरा हिवाळा असतो. जानेवारीच्या रात्री तापमान शून्याखाली असणे हे रोजचेच, आणि थंडीची लाट आली की ते उणे वीसपर्यंतही जाते. डिसेंबरात संध्याकाळी साडेचारलाच सूर्य मावळतो. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता गावात भोंगे वाजतात. ती चक्रीवादळाच्या इशाऱ्याची चाचणी असते, हे आधी माहीत नसेल तर नवा माणूस घाबरून जाईल.

दीन आणि दिनक्रम

आपल्या वाचकांचा पहिला प्रश्न हाच असेल, म्हणून सविस्तर लिहितो. अर्बानात विद्यापीठाजवळच मशीद आणि इस्लामिक केंद्र आहे. फार कमी लोकांना ठाऊक असेल की अमेरिकेतल्या मुस्लिम विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना, एमएसए, १९६३ मध्ये याच विद्यापीठात स्थापन झाली. त्याच्याही आधी, १९५२ मध्ये, ढाक्याहून आलेला एक तरुण इंजिनियर इथे शिकायला दाखल झाला आणि तीन वर्षांत डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. त्याचे नाव फजलुर रहमान खान. शिकागोच्या ११० मजली सिअर्स टॉवरची रचना त्यांचीच. तेव्हा मुसलमान या गावाला नवखा नाही.

नमाजचे वेळापत्रक मात्र आपल्या सवयीच्या बाहेरचे. जूनमध्ये इशा रात्री दहाच्या पुढे आणि फजर पहाटे चारच्या आत. डिसेंबरात जोहर, असर आणि मगरिब तिन्ही कामाच्या नाहीतर शाळेच्या वेळेत, किंवा तिला लागून. पुढची काही वर्षे रमजान थंडीच्या महिन्यांत येत असल्याने रोजा अकरा-बारा तासांचा राहील, हा दिलासा. ईदची सुट्टी सर्वत्र नसते, पण धार्मिक सणासाठी मुलाची गैरहजेरी माफ करावी, असे इलिनॉयच्या शालेय कायद्यातच आहे.

हलाल मांस गावात मिळते. मोठी खरेदी करायची तर लोक शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर जातात. तिथे भारतीय-पाकिस्तानी दुकानांची रांगच आहे. लक्ष द्यावे लागते ते डबाबंद वस्तूंकडे. जिलेटिन गोळ्या-चॉकलेटांत असते, चीजमध्ये प्राणिज घटक असू शकतो. शाळेच्या डब्याचे मुलाला नीट समजावून सांगावे लागते. ताजा बांगडा विसरायचा आणि गोठवलेल्या मासळीवर समाधान मानायचे. यावर आमच्या मुलाने "मग मी नाही येणार" असा निकाल तिथल्या तिथे दिला.

व्याजाचा प्रश्नही आहे. तिथे घर भाड्याने घेताना, गाडी घेताना तुमचा उधारीचा इतिहास पाहतात, आणि नव्या माणसाला तो नसतो. तिथे राहणाऱ्या एका हैदराबादी कुटुंबाशी आम्ही व्हिडिओवर बोललो. त्यांनी सांगितलेला मार्ग साधा होता. क्रेडिट कार्ड घ्यावे, पण दर महिन्याला पूर्ण रक्कम मुदतीत भरावी म्हणजे व्याज लागत नाही. जुनी गाडी रोखीने घ्यावी. नवीच्या मोहात पडू नये.

भीतीबद्दल खरे काय ते

नातेवाइकांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, "अमेरिकेत आपल्या लोकांचे हाल आहेत." दुसरा म्हणे, "तिथे कायदा आहे, काही होत नाही." आम्ही दोन्ही बाजूंच्या घटना समोर ठेवल्या.

विद्यापीठाचे गाव म्हणजे सुरक्षित, असे डोळे मिटून मानता येत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावातच तीन तरुण मुस्लिमांना त्यांच्या शेजाऱ्याने घरात घुसून मारले. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनजवळ एका तुर्की विद्यार्थिनीला रस्त्यावरून ताब्यात घेण्यात आले. पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात तिने इतरांसोबत एक लेख लिहिला होता. सहा आठवड्यांनी न्यायालयाच्या आदेशाने ती सुटली. जून २०२५ पासून विद्यार्थी आणि संशोधक व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती तपासणीसाठी खुली ठेवायला सांगितले जाते.

दुसरीकडे, त्या विद्यार्थिनीला सोडण्याचा आदेश देणारे न्यायालयही तिथलेच. हिजाबमुळे नोकरी नाकारली गेलेल्या एका मुलीच्या बाजूने २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला. हैदराबादी कुटुंबातल्या बहिणीने सांगितले की सात वर्षांत तिला हिजाबवरून वाईट बोलणारे दोघे भेटले, आणि बर्फात अडकलेली गाडी ढकलून देणारे अनोळखी लोक मोजता येणार नाहीत इतके.

यातून आम्ही इतकेच ठरवले की भीती हे न जाण्याचे कारण होणार नाही. गेलो तर काय बोलावे, काय लिहावे, याचा विचार करून राहावे लागेल, हे मात्र मान्य करूनच जावे.

डॉलरला रुपयाने गुणू नका

अशा संशोधकाला तिथे वर्षाला साधारण साठ हजार डॉलर मिळतात. गुणाकार केला तर पन्नास लाखांच्या पुढे जातो. ज्या नातेवाइकाला सांगावे तो हाच गुणाकार करून डोळे मोठे करी. पण पगार डॉलरमध्ये मिळतो तसा खर्चही डॉलरमध्येच होतो.

केंद्राचा आयकर कापला जातो. त्यावर इलिनॉय राज्याचा ४.९५ टक्के कर वेगळा. दोन खोल्यांच्या घराचे भाडे महिना हजार डॉलरच्या पुढेच. आरोग्य विम्याचा हप्ता, आणि विमा असूनही पहिली काही रक्कम स्वतः भरावी लागते. दात आणि डोळ्यांचा विमा बहुधा वेगळा. जे-१ व्हिसावर तर पुरेसा विमा असणे ही अटच आहे. प्रत्येक आजारासाठी किमान एक लाख डॉलरचे संरक्षण लागते, आणि ते सोबत आलेल्या बायको-मुलांनाही. गाडीचा विमा, पेट्रोल आणि चौघांचे हिवाळी कपडे हे त्यावर. वर्षातून एकदा अम्मींना भेटायला यायचे तर चौघांची तिकिटे पाच लाखांच्या आसपास.

शिवाय घरात आज दोन पगार येतात, तिथे एक येईल. कागदावर मांडल्यावर दिसले की दोन वर्षांत शिल्लक पडेल, पण लोक समजतात तितकी नाही. पैशासाठीच जायचे असेल तर छोटे विद्यापीठ हा मार्ग नव्हे. शिकण्यासाठी जायचे असेल तर गोष्ट निराळी.

नोकरीची खात्रीही तपासावी. संशोधकाचा पगार अनुदानातून येतो आणि अनुदान थांबले की नोकरी थांबते. परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा पैसा बंद झाल्याने याच विद्यापीठातल्या सोयाबीन प्रयोगशाळेच्या सुमारे तीस जणांना एप्रिल २०२५ मध्ये नोकरी सोडावी लागली. पुढे एका दात्याच्या देणगीने थोडे काम चालू राहिले. म्हणून आम्ही प्राध्यापकांना सरळ विचारले, "पैसा कुणाचा, आणि कधीपर्यंतचा?" त्यांना प्रश्नाचा राग आला नाही. पहिल्या वर्षाचा पैसा हातात आहे, दुसऱ्याचा अपेक्षित आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहून कळवले.

सोबत जाणाऱ्या बाईचा व्हिसा

आपल्याकडे "नवऱ्यासोबत चालली, नशीब काढले" असे सहज म्हटले जाते. ती तिथे दिवसभर काय करणार, हे कुणी विचारत नाही. व्हिसाच्या प्रकारावर याचे उत्तर ठरते. नवरा विद्यार्थी व्हिसावर असेल तर सोबतच्या एफ-२ व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही. एच-१बी असेल तर एच-४ वर नोकरीची मुभा काही अटी पूर्ण झाल्यावरच मिळते. जे-१ असेल तर जे-२ वरची पत्नी कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते, पण तो यायला काही महिने जातात. शिवाय ती कमाई नवऱ्याच्या खर्चासाठी लागते असे दाखवता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यापासून आमच्यासारख्यांसाठी व्यवहारात जे-१ चाच मार्ग उरतो.

आमच्यातल्या शिक्षिकेची अठरा वर्षांची नोकरी आहे. सकाळी साडेसहाला स्कूटर काढायची, दहावीच्या दोन तुकड्यांना गणित शिकवायचे, संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मुलींची मोफत शिकवणी घ्यायची, हे तिचे जग. दोन वर्षांची बिनपगारी रजा मिळेल की नाही याची खात्री नव्हती. मिळाली असती तरी वर्गातल्या मुली दोन वर्षे थांबत नाहीत. हैदराबादी बहिणीने तिला मोकळेपणाने सांगितले होते, "पहिला हिवाळा फार जड जातो. गाडी चालवायला शिका आणि मशिदीतल्या बायकांशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या. घरात बसून राहिलात तर भिंती खायला उठतील."

तिचे उत्तर आम्ही इथे जसेच्या तसे देतो, कारण चार रविवारांतल्या चर्चेत ते आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटले. "मी जाईन. पण मी त्याग केला असे कुणी म्हणायचे नाही आणि मीही म्हणणार नाही. मग जाऊन काय करायचे ते आधी ठरवू या."

अम्मी

जे-१ वर पती-पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलेच सोबत जाऊ शकतात. आई-वडिलांना फक्त पाहुणे म्हणून जाता येते, बहुधा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, आणि त्या वयात त्यांचा प्रवासी विमा महाग. अम्मींचे वय ७१. गुडघे दुखतात, साखर आहे. धाकटा भाऊ मुंब्र्याला राहतो, पण चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अम्मींचे मन चार दिवसांवर लागत नाही. बहीण दाभोळमध्येच, दोन गल्ल्या सोडून.

आम्ही आधी बहिणीकडे गेलो. भार तिच्यावर पडणार होता, म्हणून तिची परवानगी आधी. ती म्हणाली, "मी आहेच. पण रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कुणाची, पैसे कुठले, हे लिहून ठेवा. नंतर फोनवर विचारत बसायला नको." तिचे म्हणणे रास्त होते.

मग अम्मी. त्यांना वाटेल तसे बोलता यावे म्हणून मुलांना बाहेर पाठवले. अब्बा कुवेतला एकोणीस वर्षे होते. अम्मींनी तीन मुले, सासूबाई आणि घर एकटीने सांभाळले. दादीचे निधन झाले तेव्हा अब्बा घरी पोचले ते बाराव्या दिवशी. "तुझ्या अब्बांनी आईची कबर पाहिली, मय्यत नाही पाहिली," अम्मी म्हणाल्या. "माझ्या वेळी तू पोचणार नाहीस, हे मी धरून चालले आहे. त्याचे मला दुःख नाही. पण बायको-मुलांना इथे ठेवून दोन वर्षे एकटा जाऊ नको. पैसा आला, पण तुमच्या अब्बांना तुम्ही कितवीत आहात ते कधी पटकन सांगता आले नाही."

अर्बानाहून दाभोळला यायला चोवीस तासांच्या पुढेच लागतात. आपल्याकडे दफन त्याच दिवशी होते. दूर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट माहीत असते आणि घरात ती कुणी उच्चारत नाही. अम्मींनी ती स्वतःच उच्चारली. निघण्यापूर्वी हे बोलणे झालेले असावे, असे आम्हाला आता वाटते.

मुलीची बारावी

एवढे झाल्यावर तराजू जाण्याच्या बाजूला झुकला होता. दोघांनी मिळून जायचे, मुलांना न्यायचे, ठरल्या तारखेला परत यायचे. मुलीची दहावी मार्चमध्ये संपते. तिथे अकरावी-बारावी करून परत येता येईल, दोन वर्षे बरोबर बसतात, असा हिशेब.

मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. म्हणून आम्ही प्रवेशाचे नियम वाचले. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्याच्या असतात. त्या कोट्यासाठी साधारण नियम असा की अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. अपवाद आहेत, पण आमची स्थिती त्यांत बसत नव्हती. म्हणजे अमेरिकेत बारावी केली तर तिच्यासाठी देशभरातल्या स्पर्धेच्या जागा आणि खासगी महाविद्यालयांचे मोठे शुल्क, एवढेच उरते. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर नव्हे, पदवीनंतर सुरू होते, आणि परदेशी विद्यार्थ्याला तिथे प्रवेश फारच अवघड. शिवाय तिथल्या शाळेत विषय आपण निवडायचे असतात. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र आपल्या पातळीचे होईल असे पाहावे लागते आणि परतल्यावर समकक्षतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

तिला नानीकडे ठेवून बाकीच्यांनी जावे, असाही विचार पुढे आला. पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण परीक्षेच्या दोन वर्षांत आई-वडिलांविना ठेवायचे, आणि तेही वडिलांच्या प्रयोगांसाठी, हे आम्हा दोघांनाही पटले नाही.

आम्ही तिला विचारले. ती बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "मी दुसरे काहीतरी करेन. तुम्ही जा." हे उत्तर आम्ही स्वीकारले नाही. वडिलांची संधी आपल्यामुळे गेली किंवा आपले स्वप्न वडिलांमुळे गेले, यांपैकी कुठलेही ओझे मुलाच्या डोक्यावर ठेवू नये. तिला आम्ही सांगितले की तुझे मत विचारले, निर्णय मात्र आमचा आहे. त्याची जबाबदारीही आमची.

काय ठरले

इस्तिखारा केला. मग प्राध्यापकांना लिहिले की दोन वर्षांसाठी येणे आत्ता शक्य नाही आणि कारणही लिहिले. सोबत विचारले की कमी मुदतीसाठी येता येईल का. जे-१ मध्ये अल्पकालीन संशोधकाचा एक प्रकार आहे, त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. नेहमीच्या संशोधक प्रकारातून परत आल्यावर त्याच प्रकारात पुन्हा जाण्यासाठी चोवीस महिने थांबावे लागते. अल्पकालीन प्रकाराने हे बंधन येत नाही, म्हणजे पुढचा दरवाजा उघडा राहतो. दहा दिवसांनी उत्तर आले. ऑगस्ट ते डिसेंबर, चार महिने, या. मोठ्या प्रकल्पाची जागा मात्र दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

तेव्हा चार महिने एक जण जाईल, बाकीचे इथेच राहतील. अम्मी म्हणाल्या, "चार महिने म्हणजे जमातीत निघाल्यासारखे. जा." मुलगी अकरावीला दापोलीतच प्रवेश घेईल. २०२८ च्या सुरुवातीला तिची बारावी होईल. त्यानंतर पुन्हा बोलावणे आले तर हेच प्रश्न पुन्हा, नव्या उत्तरांसह.

यात आमचे नुकसान आहे, ते लपवत नाही. दोन वर्षांच्या नोंदींवरचे जे संशोधन झाले असते ते चार महिन्यांत होणार नाही. जागा गेली ती गेली. आमच्यातल्या संशोधकाला काही दिवस झोप नीट लागली नाही. पण घरात कुणाच्या मनात कुणाबद्दल अढी राहिली नाही, हे आम्ही जास्त मोलाचे समजतो.

तुमच्या घरात हा प्रश्न आला तर

ज्यांची मुले लहान आहेत, आई-वडील धडधाकट आहेत, दोघांनाही तिथे काम किंवा शिक्षण मिळणार आहे, त्यांनी जरूर जावे. अर्बानासारखी गावे कुटुंबासाठी चांगली आहेत असेच आमचे मत झाले. फक्त हो म्हणण्यापूर्वी घरात बसून काही गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात.

व्हिसाचा नेमका प्रकार कोणता, आणि त्यावर सोबत जाणाऱ्याला काम करता येते का? पगाराचा पैसा कुणाचा आणि कोणत्या तारखेपर्यंतचा? दोन वर्षे मायदेशी परतून राहण्याची अट आपल्याला लागू आहे का? ही नोंद व्हिसावरच छापलेली असते. विम्यात चौघेही आहेत का? मूल परतल्यावर कोणत्या वर्गात बसेल आणि त्याच्या पुढच्या प्रवेशाचे नियम काय म्हणतात? आई-वडिलांजवळ कोण राहील, त्याला विचारले आहे का, आणि आजारपणाचा खर्च कुठून येईल?

हे प्रश्न विचारण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आपल्या घरांत ज्याला नोकरी मिळाली तो आधी बोलतो, मग मोठे बोलतात. बायको, मुले आणि मागे राहणारे आई-वडील शेवटी माना हलवतात. मशवरा करायचा तर क्रम उलटा ठेवावा. ज्याला निर्णयाबरोबर फरफटत जावे लागणार किंवा मागे राहावे लागणार, त्याने आधी बोलावे. ज्याला बोलावणे आले आहे त्याने सर्वांत शेवटी.

व्हिसाचे आणि प्रवेशाचे नियम सतत बदलतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी त्या-त्या कार्यालयाच्या ताज्या सूचना स्वतः वाचाव्यात. कुणा नातेवाइकाच्या मुलाने चार वर्षांपूर्वी काय केले, यावर विसंबू नये. आणि मुदत कितीही कमी असली तरी घरातल्या प्रत्येकाचे ऐकून होईपर्यंत उत्तर पाठवू नये. विद्यापीठाकडे आठ-दहा दिवसांची मुदत मागता येते. आम्ही मागितली आणि ती मिळाली.